क्रेडिट रिपोर्टमधली चूक दुरुस्त कशी करून घ्यावी: पात्रता, कागदपत्रे, मुदत आणि भरपाई

कर्ज फेडून झाले, तरी क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जांच्या आणि हप्त्यांच्या नोंदींत, ते चालूच दिसते. किंवा कधी न काढलेले कर्ज आपल्या नावावर निघते. तुम्ही कर्ज बुडवण्याची शक्यता किती, याचा पहिला अंदाज बँक याच रिपोर्टवरून बांधते. त्यामुळे अशा एका नोंदीने गृहकर्ज नाकारले जाते किंवा व्याजदर वाढतो.

अर्ज कोणाला करता येतो?
ज्याच्या नावाने रिपोर्ट आहे त्या कोणालाही, शुल्क न भरता. जामीनदारालासुद्धा. आपल्याकडे नात्यागोत्यात, मित्रांच्या शब्दाखातर जामीन राहण्याची पद्धत आहे, पण मूळ कर्जदाराचे हप्ते थकले की नोंद जामीनदाराच्याही रिपोर्टवर येऊ शकते, हे सही करताना क्वचितच कोणी सांगते. बँकेने रिपोर्ट पाहून कर्ज नाकारले असेल, तर त्या रिपोर्टची प्रत मागण्याचा हक्क २००५ च्या क्रेडिट इन्फर्मेशन कंपन्यांच्या कायद्याने दिला आहे.

आधी रिपोर्ट काढा
भारतात असे रिपोर्ट तयार करणाऱ्या चार क्रेडिट इन्फर्मेशन कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकीने वर्षातून एकदा स्कोअरसह (या नोंदींवरून काढलेल्या गुणांसह) पूर्ण रिपोर्ट मोफत द्यायचा असतो. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने स्कोअर घटत नाही.

स्कोअर ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो आणि सगळ्यांची नजर आधी तिथेच जाते. तक्रार मात्र स्कोअरवर करता येत नाही, नोंदीवर करता येते. म्हणून प्रत्येक खात्याखालचा महिनावार तक्ता बारकाईने वाचा. ‘०००’ म्हणजे त्या महिन्यात थकबाकी नव्हती. ‘०३२’ म्हणजे हप्ता ३२ दिवस थकलेला. थकबाकी ९० दिवसांपुढे गेली की खाते एनपीए (थकीत, अनुत्पादक) होते, आणि पुढचा कर्ज देणारा सर्वांत जास्त बिचकतो तो इथे. खात्याच्या स्थितीत ‘सेटल्ड’ किंवा ‘रिटन ऑफ’ (बँकेने बुडीत धरलेले) लिहिले आहे का तेही पाहा. तडजोडीत कमी रक्कम भरून कर्ज मिटवले असेल, तर ‘सेटल्ड’ ही नोंद खरीच आहे; ती तक्रार करून निघत नाही. उरलेली रक्कम भरून बँकेकडून खाते बंद झाल्याचा दाखला घ्यावा लागतो.

नाव, जन्मतारीख, पॅन आणि जुने पत्तेही तपासा. नाव-आडनाव सारखे असलेल्या दुसऱ्याच माणसाचे कर्ज आपल्या खात्यात येऊन बसल्याचा सुगावा बहुधा इथेच लागतो.

कागदपत्रे
- पॅन आणि पत्त्याचा पुरावा
- चूक असलेल्या पानाची प्रत आणि रिपोर्टचा कंट्रोल नंबर (रिपोर्टवर छापलेला त्याचा ओळख क्रमांक)
- थकबाकी नसल्याचा बँकेचा दाखला
- वादातल्या महिन्यांचा खातेउतारा, हप्ता गेल्याची नोंद खुणावून
- कर्ज तुमचे नसेल तर तसे लेखी निवेदन. फसवणुकीचा संशय असल्यास पोलीस तक्रारीची प्रत

अर्ज कुठे करायचा?
रिपोर्ट देणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर ‘डिस्प्यूट’ (नोंद चुकीची असल्याची तक्रार) नोंदवा आणि त्याच दिवशी कर्ज देणाऱ्या बँकेलाही लेखी तक्रार द्या. माझा आग्रह दोन्हीकडे देण्याचा आहे. कंपनी बँकेच्या होकाराशिवाय नोंद बदलत नाही, आणि बँकेचा तक्रार विभाग ग्राहकाच्या थेट पत्रावर, जोडलेल्या दाखल्यावर लवकर हलतो. पोच आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा.

मुदत आणि भरपाई
तक्रार दिल्यापासून ३० दिवसांत निकाल लागला पाहिजे. त्यातले २१ दिवस बँकेने दुरुस्त माहिती कंपनीला कळवण्यासाठी आहेत. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकानुसार ३० दिवस उलटले की पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. उशीर कोणामुळे झाला त्यावर ती बँक देणार की कंपनी हे ठरते. अर्जात बँक खात्याचा तपशील द्या, भरपाई त्यातच जमा होते. तक्रार फेटाळली तर कारण कळवणे त्यांना बंधनकारक आहे.

३० दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर (रिझर्व्ह बँकेच्या तक्रार नोंदवण्याच्या संकेतस्थळावर) तक्रार करा. तीही मोफत आहे. चौकशीसाठी क्रमांक १४४४८. क्रेडिट इन्फर्मेशन कंपन्या सप्टेंबर २०२२ पासून लोकपाल योजनेत आल्या आहेत.

‘पैसे द्या, स्कोअर वाढवून देतो’ म्हणणाऱ्या एजंटला पॅन आणि ओटीपी देऊ नका. खरी नोंद त्यालाही पुसता येत नाही, आणि खोटी नोंद काढायला तो लागत नाही.

दुरुस्ती झाल्याचा निरोप आला की उरलेल्या तीन कंपन्यांचे रिपोर्टही काढून पाहा. बँक चौघींनाही माहिती पाठवते, त्यामुळे तीच चूक तिथेही असण्याची शक्यता मोठी असते.