पेपर नाकारणं आणि पेपर दाबणं

संशोधन छापणाऱ्या जर्नलने पेपर, म्हणजे शोधनिबंध, परत पाठवला की ‘माझी मुस्कटदाबी झाली’ म्हणून गळा काढणारे एकीकडे. सरकारी खात्याने पेपर अडवला की ‘अहो, रिव्ह्यू (समीक्षा) चालू आहे’ म्हणून समजूत घालणारे दुसरीकडे. दोघांचाही मला सारखाच वीट आलाय.

जर्नलची समीक्षा कशी चालते ते तुम्हाला ठाऊक आहे. दोन-तीन समीक्षक (त्याच विषयातले दुसरे शास्त्रज्ञ), ‘नमुना फारच लहान’ छापाचे शेरे, दुरुस्त्या, महिनोन्‌महिने वाट. समीक्षकांची नावं गुप्त ठेवावीत की नाही यावरही लोक तावातावाने भांडतात. भांडोत बापडे, त्याने इथे काही ठरत नाही.

घोळ होतो तो वेगळ्याच जागी. दोन्हीकडची खाडाखोड कागदावर हुबेहूब सारखी दिसू शकते. व्हाइट हाउसच्या पर्यावरणविषयक परिषदेत फिलिप कूनी नावाचे अधिकारी होते. हवामानबदलावरच्या सरकारी अहवालांच्या मसुद्यांवर त्यांनी हाताने केलेल्या दुरुस्त्या २००५ मध्ये बाहेर आल्या. एके ठिकाणी ‘अनिश्चितता’ या शब्दाआधी त्यांनी ‘लक्षणीय आणि मूलभूत’ एवढंच घातलं होतं. अशी सूचना एखादा खडूस समीक्षकही करू शकतो. पण त्याला कारण द्यावं लागतं. लेखक उलट लिहू शकतो की आकडे असं म्हणत नाहीत, संपादकाला पटवू शकतो, आणि नाहीच जमलं तर पेपर उचलून दुसऱ्या जर्नलकडे जातो. कूनी व्यवसायाने वकील, त्याआधी तेल उद्योगाच्या संघटनेत कामाला. त्यांच्या पेनापुढे शास्त्रज्ञांना कुठलं दार उरतं? (राजीनाम्यानंतर ते एक्सॉनमोबिलमध्ये गेले.)

त्यामुळे कुणी ‘सेन्सॉर’ म्हटलं की मी दोनच गोष्टी विचारतो. उलट उत्तर देता येतं का? दुसरं दार ठोठावता येतं का? लष्करी गुपितं, रुग्णांची ओळख यासाठी खात्याची मंजुरी लागते, मान्य. पण ती लेखी कारणासकट आणि ठरलेल्या मुदतीत मिळावी, आणि तिला कृपा करून ‘रिव्ह्यू’ म्हणू नये.

पेपर मागे घेणं ही तर आणखी निराळी गोष्ट. एमएमआर लस (गोवर, गालगुंड, रुबेलावरची) आणि ऑटिझम यांची सांगड सुचवणारा, १२ मुलांवरचा ब्रिटिश डॉक्टर वेकफिल्ड यांचा पेपर ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय जर्नलने १९९८ मध्ये छापला आणि २०१० मध्ये मागे घेतला. अजूनही लोक म्हणतात, दाबला. अरे, तो आजही उघडून वाचता येतो! फक्त मागे घेतल्याचा शिक्का त्यावर आहे.

उलट कॅनडात बघा. सरकारी शास्त्रज्ञ क्रिस्टी मिलर यांचा सॅमन माशांवरचा पेपर २०११ मध्ये रीतसर समीक्षेतून पार पडून ‘सायन्स’ या जर्नलमध्ये आला, आणि त्याबद्दल पत्रकारांशी बोलायला त्यांना वरून परवानगी मिळाली नाही. पेपर छापलेला, तोंड बंद. पुढच्या वर्षी जुलैमध्ये शास्त्रज्ञांनी ओटावात संसदेवर ‘पुराव्या’ची प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढली. २०१५ मध्ये सरकार बदललं, बोलायची मोकळीक मिळाली. पण त्यांची युनियन शहाणी निघाली. नुसत्या तोंडी शब्दावर न थांबता तिने २०१६ च्या अखेरीस बोलण्याचा हक्क थेट नोकरीच्या करारातच घालून घेतला.