डब्ल्यू. टी. सॅम्पसन शाळा, ग्वांतानामो बे

क्युबाच्या आग्नेय टोकाला, ग्वांतानामो उपसागराच्या काठी असलेल्या अमेरिकी नाविक तळावरची शाळा. स्थापना १९३१. अमेरिकेचे संरक्षण खाते परदेशांतील तळांवर ज्या शाळा चालवते, त्यांत ही सर्वांत जुनी मानली जाते. जर्मनीतील अमेरिकी सैनिकांच्या मुलांसाठी पहिल्या शाळा १९४६ च्या ऑक्टोबरमध्ये उघडल्या; ग्वांतानामोत त्याआधी पंधरा वर्षे वर्ग भरत होते. या शाळेच्या इतिहासात मुख्याध्यापक, निकाल आणि ढाली यांपेक्षा शाळा बंद पडल्याच्या तारखा जास्त महत्त्वाच्या आहेत. अमेरिका आणि क्युबा यांच्यातला ताण वाढला की त्याची पहिली झळ तळावरच्या मुलांना लागत आली.

शाळेला नाव दिले आहे ते रिअर अॅडमिरल विल्यम टॉमस सॅम्पसन (१८४०–१९०२) यांचे. हवाना बंदरात अमेरिकेची ‘मेन’ ही युद्धनौका स्फोटात बुडाली, तेव्हा चौकशी मंडळाचे ते अध्यक्ष होते. १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धात त्यांच्या ताफ्याने सँतियागो द क्युबा बंदराची नाकेबंदी केली. त्या ताफ्याला कोळसा भरायला वादळापासून सुरक्षित असे पाणी हवे होते, म्हणून जून १८९८ मध्ये अमेरिकी मरीन सैनिक ग्वांतानामोत उतरले. तळाचे मूळ या गरजेत आहे, त्यामुळे इथल्या शाळेला सॅम्पसन यांचेच नाव असावे हे योग्यच. ३ जुलैच्या निर्णायक लढाईला तोंड फुटले तेव्हा मात्र ते लष्करी सेनापतींच्या भेटीसाठी निघाले होते आणि प्रत्यक्ष लढाई त्यांचे दुय्यम अधिकारी श्ले यांनी लढवली. विजयाचे श्रेय कोणाचे, हा वाद अमेरिकेत पुढे कित्येक वर्षे चालला.

१९०३ च्या करारान्वये क्युबाने ही जागा वर्षाला २,००० डॉलर भाड्याने दिली. १९३४ च्या कराराने दोन्ही बाजू राजी असल्याशिवाय किंवा अमेरिकेने स्वतः तळ सोडल्याशिवाय भाडेपट्टा संपणार नाही असे ठरले. भाडे आता ४,०८५ डॉलर आहे. १९५९ च्या क्रांतीनंतर क्युबाने त्याचा एकच धनादेश वटवला; त्यापुढचे सगळे न वटवता ठेवून दिले. जमीन आणि पाणी मिळून तळाचे क्षेत्र सुमारे ११६ चौ. किमी. भोवती कुंपण, त्यापलीकडे क्युबाने १९६१ पासून लावलेली निवडुंगाची दाट रांग. दोन्ही बाजूंनी भूसुरुंग पेरले होते. अमेरिकेने आपले सुरुंग १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात काढले. शाळेतल्या मुलाचे सारे जग या कुंपणाच्या आत असते. रस्त्यावर वेगमर्यादा ताशी २५ मैल. इग्वाना, म्हणजे मोठे सरडे, आडवे येतात आणि त्यांना इजा करणे हा जबर दंडाचा गुन्हा आहे.

२२ ऑक्टोबर १९६२ हा सोमवार होता, शाळेचा दिवस. सोव्हिएत क्षेपणास्त्रे क्युबात उभी राहत असल्याचे वॉशिंग्टनला कळून आठवडा झाला होता, पण तळावरच्या कुटुंबांना त्याचा पत्ता नव्हता. सकाळी हुकूम आला की बायकामुलांनी लगेच निघायचे. माणशी एक बॅग. कुत्रा-मांजर अंगणात बांधून ठेवायचे, घराची किल्ली जेवणाच्या टेबलावर ठेवायची आणि दारासमोर बसची वाट पाहायची. का आणि कुठे जायचे, हे कोणी सांगितले नाही. सुमारे २,८०० जणांना, बहुतेकांना जहाजांतून आणि काहींना विमानाने, तळावरून हलवले गेले. अध्यक्ष केनेडी संध्याकाळी सात वाजता देशाशी बोलले, तोवर जहाजे खुल्या समुद्रात होती. आपण कशातून निसटलो, हे अनेक आयांना आणि मुलांना त्या भाषणानंतरच उमगले. २५ तारखेला जहाजे व्हर्जिनियातल्या नॉरफोकला लागली. कॅरिबियन उन्हाळ्याच्या पातळ कपड्यांत ही मुले तिथल्या थंडीत उतरली. वडील मागेच, खंदकांत होते. पेच निवळला आणि डिसेंबरमध्ये, नाताळापूर्वी, कुटुंबे परतू लागली. शाळाही पुन्हा भरू लागली. शीतयुद्धाच्या इतिहासात या तेरा दिवसांवर असंख्य पाने लिहिली गेली, पण अर्ध्यावर सुटलेल्या या वर्गांचा उल्लेख त्यांत क्वचितच सापडतो. तो असायला हवा. वर्गातली मुले घरी पाठवावी लागली, यावरून युद्ध किती जवळ आले होते हे कळते.

फेब्रुवारी १९६४ मध्ये अमेरिकेने क्युबाचे मच्छीमार पकडले, त्याला उत्तर म्हणून क्युबाने यातेरास नदीवरून तळाला येणारे पाणी तोडले. तळावर पाणी मोजून वापरण्याचे दिवस आले, टँकर जहाजांनी पाणी आणावे लागले. तळप्रमुख जॉन बल्कली यांनी आम्ही तुमचे पाणी चोरत नाही हे दाखवायला क्युबाकडून येणाऱ्या जलवाहिनीचा तुकडाच कापून काढला. त्याच वर्षी समुद्राचे पाणी गोडे करणारा कारखाना उभा राहिला. तेव्हापासून तळ पाण्याच्या बाबतीत स्वतःच्या पायावर आहे, शाळेच्या नळाला येते तेही हेच पाणी.

शाळा बंद पडण्याचा मोठा काळ आला तो १९९४ मध्ये. हैतीतून आणि क्युबातून होड्या-तराफ्यांवर निघालेल्या लोकांना समुद्रात अडवून अमेरिकेने ग्वांतानामोत आणले. तंबूंची संख्या वाढत गेली आणि निर्वासितांचा आकडा ४५,००० च्या वर गेला. तळाला इतका भार पेलवेना, तेव्हा सप्टेंबरपासून सैनिकांच्या कुटुंबांना अमेरिकेत पाठवले. ती परतू शकली ऑक्टोबर १९९५ मध्ये, जवळजवळ तेरा महिन्यांनी. म्हणजे सातवीत गेलेले मूल आठवी सुरू झाल्यावर परतले, तेही वडिलांची बदली मधल्या काळात झाली नसेल तरच.

अमेरिकेत साठच्या दशकापासून सहावी ते आठवीची वेगळी ‘मिडल स्कूल’ उभी करण्याची पद्धत रुळली. जर्मनीतल्या रामश्टाइनसारख्या मोठ्या तळांवर तशा स्वतंत्र शाळा आहेत. ग्वांतानामोत पटच दोनशे-अडीचशेच्या घरात. त्यामुळे वेगळी मिडल स्कूल नाही; बारा-तेरा वर्षांची मुले शाळा संपत आलेल्या मोठ्या मुलांच्या सान्निध्यात वाढतात, आणि बारावीच्या वर्गात कधी डझनभरही विद्यार्थी नसतात. सामने खेळायला शेजारची शाळा नाही. कुंपणापलीकडे आहेत त्या क्युबन शाळा, आणि तिकडची वाट बंद. शिक्षक सैनिक नसून संघराज्याचे नागरी नोकर असतात. १९९२ पासून शाळा संरक्षण खात्याच्या शिक्षण विभागाखाली आहे, आणि परदेशी भूमीवर असूनही प्रशासकीय सोयीसाठी तिची गणना अमेरिकेतल्या तळांवरच्या शाळांबरोबर होते.

११ जानेवारी २००२ रोजी तळावर पहिले २० कैदी आणले गेले आणि ग्वांतानामो हे नाव जगभर तुरुंगाचे नाव झाले. शाळा मात्र चालूच राहिली. तुरुंगावरचे बहुतेक पहारेकरी कुटुंबाविना, वर्षभराच्या आतबाहेरच्या मुदतीवर येतात. शाळेतली मुले प्रामुख्याने नाविक तळाच्या कायम कर्मचाऱ्यांची. तुरुंगाबद्दल जितके लिहिले गेले, त्याचा शतांशही या मुलांबद्दल लिहिला गेलेला नाही.

ऑक्टोबर २०१६ मध्ये मॅथ्यू चक्रीवादळ येऊ लागले, तेव्हा सुमारे ७०० कुटुंबीयांना विमानांनी फ्लोरिडातल्या पेन्साकोला तळावर नेले. या वेळी पाळीव प्राण्यांनाही बरोबर नेता आले, आणि परतायला महिने लागले नाहीत.

बालवाडी ते बारावीला एका छताखाली आणणाऱ्या नव्या इमारतीसाठी साडेसहा कोटी डॉलरच्या घरात खर्च मंजूर झाला. एवढ्या थोड्या मुलांमागे इतका खर्च कशाला, असा प्रश्न वॉशिंग्टनमध्ये विचारला गेला. कारण भूगोलात होते : क्युबातून ना वीट घेता येते ना गवंडी. सिमेंट, लोखंड, मजूर सगळे समुद्रमार्गे किंवा विमानाने आणावे लागते, शिवाय त्यांची राहण्याजेवणाची सोयही तळावरच करावी लागते.