लीक आणि पातीचा कांदा : मीठ कधी, आच किती

थंडी सुरू झाली की बडोद्याच्या खंडेराव मार्केटात लीली डुंगळी, म्हणजे आपला पातीचा कांदा, ढिगांनी येतो. शेजारीच लीलुं लसण, म्हणजे लसणाची पात. लीक मात्र ब्रोकोली आणि झुकिनी ठेवणाऱ्या मोजक्या भाजीवाल्यांकडे मिळतो, आणि भावही चढा असतो. एवढे पैसे मोजून आणलेला लीक पातीसारखा भरभर परतला की दाताखाली चिवट लागतो. उलट लीकच्या सूपात नुसती पात घातली की सूप उग्र आणि हिरवट होतं. दोन्ही कांद्याच्याच कुळातले असले तरी कढईतल्या सवयी जवळपास उलट आहेत.

आधी ओळख. पातीच्या कांद्याची पानं गोल आणि आतून पोकळ असतात, चिमटीत धरली की दबतात. खाली छोटा गड्डा असतो किंवा नुसता पांढरा फुगवटा. लीकची पानं चपटी, रुंद, मधोमध घडी पडलेली आणि समोरासमोर पंख्यासारखी लागलेली. गड्डा नाहीच, खालपासून वरपर्यंत दोन-चार सेंटिमीटर जाडीचा सरळ पांढरा दांडा. खरी फसगत लसणाच्या पातीशी होते, कारण तिचीही पानं चपटीच असतात. तिथे जाडी बघावी, कारण लसणाची पात पेन्सिलीइतकीच असते. तरी शंका उरली तर पान चुरगाळून वास घ्यावा, लसूण लपत नाही.

लीकचा दांडा पांढरा राहतो तो शेतकरी वाढत्या रोपाला मातीची भर देत जातो म्हणून. ऊन लागत नाही, म्हणून हिरवा रंग धरत नाही. पण त्याच भरीतली माती पानांच्या थरांत अडकून बसते. वरून नळाखाली धुतलेला लीक स्वच्छ दिसतो आणि सूपात कचकच लागते. यावर उपाय एकच. मुळांकडचं दोन-तीन सेंटिमीटर टोक जोडलेलं ठेवून वरपर्यंत उभी चीर द्यायची आणि पानं पुस्तकासारखी उघडून धारेखाली धरायची, मुळांकडचं टोक वर, म्हणजे माती खाली वाहून जाते. आधीच चिरला असेल तर मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात हलवून पाच मिनिटं ठेवावा आणि हाताने वरच्यावर उचलून घ्यावा. चाळणीत ओतला तर तळाला बसलेली माती पुन्हा त्याच्यावरच येते. पातीला एवढं करावं लागत नाही. मुळ्या छाटून, बाहेरचं चिकट पान ओढून दोनदा धुतली की झालं.

आता चुलीवर. पातीची पानं पातळ आणि पाणीदार, दोन-तीन मिनिटांत शिजतात. त्यापुढे रंग जातो आणि वासही. म्हणून आच मोठी, झाकण नाही आणि मीठ शेवटी. पीठ पेरून भाजी करताना हे लगेच कळतं. पाव किलो पातीला दोन मोठे चमचे तेल, मोहरी, हिंग, हळद, तिखट. आधी पांढरा भाग दोन मिनिटं, मग हिरवा. मग तीन-चार मोठे चमचे डाळीचं पीठ भुरभुरून, मीठ घालून, झाकण ठेवून मंद आचेवर पाच मिनिटं. मीठ पातीबरोबरच टाकलं तर पाणी सुटतं, पीठ त्यात भिजून गोळे होतात आणि आतून कच्चं राहतं.

लीकला मीठ सुरुवातीलाच लागतं. त्यातून सुटलेल्या पाण्यातच तो शिजायचा असतो. पातळ चकत्या, थोडं लोणी, अर्धा चमचा मीठ, जाड बुडाचं पातेलं, झाकण आणि अगदी मंद आच, पंधरा ते वीस मिनिटं. मधे दोनदा हलवावं, कोरडं वाटलं तर दोन चमचे पाणी शिंपडावं. चकती चमच्याने दाबली की तुटली पाहिजे. रंग फिकट हिरवा-पिवळा राहतो तोवर चव गोडसर असते, कडा तपकिरी झाल्या की कडवटपणा येतो. कांदा लालसर परतायची सवय असलेल्या हाताला इथे आवर घालावा लागतो. लीकचीही पीठ पेरून भाजी होते, पण ती करू नये. तिखट-हिंगाखाली त्याची नाजूक चव दबते आणि पैसे वाया जातात. तिथे पातच बरी.

लीक कामी येतो तो बटाट्याच्या सूपात. फ्रान्समध्ये लीकला गरिबांचं अ‍ॅस्परॅगस (कोवळ्या कोंबांची महागडी भाजी) म्हणत आले आहेत आणि हे सूपही तिथलं काटकसरीचंच. चार जणांना दोन मध्यम लीकचा पांढरा आणि फिकट हिरवा भाग (साफ करून पाव किलोच्या आसपास), चारशे ग्रॅम बटाटे, पंचवीस ग्रॅम लोणी, एक लिटर पाणी. लीक वर सांगितल्याप्रमाणे मऊ करून बटाट्याच्या दोन सेंटिमीटरच्या फोडी आणि पाणी घालावं, वीस मिनिटं उकळावं. फोड चमच्याने सहज फुटली की रवीने घुसळावं. मिक्सरला लावायचा मोह टाळा, बटाट्यातला स्टार्च सुटून सूप खळीसारखं ताणतं. बटाटा जुना, पिठूळ घ्यावा. पातळ सालीचा नवा बटाटा फुटत नाही आणि सूप पाणचट राहतं. शेवटी गॅस बंद करून अर्धा कप कोमट दूध आणि मिरपूड. क्रीमची गरज नाही. लिंबू पिळायचं असेल तर दूध घालू नये, फाटतं.

लीक मिळाला नाही तर? दोन लीकऐवजी एक मोठा कांदा आणि एका जुडी पातीचा फक्त पांढरा भाग, तसाच मंद आचेवर झाकून शिजवावा. चव थोडी तिखटसर येते, पण सूप सूपच राहतं. हिरवी पात बारीक चिरून वाढताना वरून.

लीकचा गडद हिरवा भाग फेकून देतात, आणि वजनाने तो बराच असतो. विषारी वगैरे काही नाही, फक्त चिवट. त्याचे दोरे उभे जातात, म्हणून आडवं, अगदी बारीक चिरावं. उभं चिरलं तर दोरे दातात अडकतात आणि मिक्सरच्या पात्याला गुंडाळतात. उत्तम उपयोग म्हणजे दीड लिटर पाण्यात मिऱ्यांसह अर्धा तास उकळून गाळून घेणं. जास्त उकळलं तर कोबीसारखा वास येतो. हे पाणी मुगाच्या मऊ खिचडीत साध्या पाण्याच्या जागी घालावं. फोडणीत जिरं आणि तूप एवढंच पुरतं.

घेताना लीकचा दांडा मधोमध दाबून बघा. आत काठीसारखं कडक लागलं तर फुलाचा दांडा धरलेला असतो आणि तो कितीही शिजवला तरी मऊ होत नाही. घरी आल्यावर कळलं तर चिरून ती काठी ओढून काढावी, बाकीचा वापरावा. पातीतही कळी आलेली जुडी टाळावी.

न धुता, कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये लीक दहा दिवस सहज टिकतो. पात तीन-चार दिवसांत चिकट होते. पातीच्या मुळ्या दोन-तीन सेंटिमीटर पांढऱ्या भागासकट पेल्यात पाण्यात उभ्या ठेवल्या आणि पाणी दर दोन दिवसांनी बदललं की आठवडाभरात पोह्यांवर घालण्यापुरती पात पुन्हा येते. लीकवर हा प्रयोग करून फारसं हाती लागत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. गड्डा नाही म्हणून लीक ‘कांदा-लसूण नको’ म्हणणाऱ्या जैन किंवा स्वामिनारायणी पाहुण्यांना चालेल असं समजू नका, आधी सांगावं. कांदेनवमीला भजी खाऊन चातुर्मासभर कांदा बंद करणाऱ्या घरांनाही लीकची पळवाट नाही. आणि लीकचं पाणी गाळून उरलेला चोथा घरातल्या कुत्र्या-मांजराला घालू नये; कांद्याच्या कुळातलं काहीही त्यांना बाधतं.