पायातली रंगीत कडी

हिवाळा लागला की हिप्परग्याच्या तलावावर चक्रवाक उतरतात आणि सोलापुरातल्या मोबाइलवर ठरलेला मजकूर फिरू लागतो: तीच जोडी, तीच जागा, जन्मभराची साथ. फोटो झकास असतो. पण गेल्या वर्षीचा नर आणि यंदाचा नर एकच, हे ओळखलं कुणी? पिंडाला शिवलेला कावळा म्हणजे आजोबाच, याला जेवढा पुरावा तेवढाच याला.

या प्रश्नाच्या हात धुऊन मागे लागल्या त्या मार्गारेट मोर्स नाइस (१८८३-१९७४). प्राणिशास्त्र शिकलेल्या, पण विद्यापीठात पद नाही. मुलींना वाढवत त्यांनी अमेरिकेतल्या कोलंबस शहरी, घराजवळच्या नदीकाठी, १९२८पासून ‘साँग स्पॅरो’चा पिच्छा पुरवला. नावात स्पॅरो असलं तरी हा पक्षी आपल्या चिमणीपेक्षा भारिटांना जवळचा. शाळूच्या कणसांवर थव्यानं पडतात तेच भारीट.

ओळख पटावी म्हणून पक्ष्याच्या पायात अडकवतात त्या ॲल्युमिनियमच्या कड्यावर आकडा असतो, पण तो वाचायला पक्षी पुन्हा पकडावा लागतो. बाईंनी त्याच्या जोडीला सेल्युलॉइडची, म्हणजे एका प्रकारच्या प्लॅस्टिकची, रंगीत कडी घातली. सोपा हिशोब करू. दोन्ही पायांत दोन-दोन कडी, त्यातलं एक धातूचं. उरल्या तीन जागा. रंग पाच घेतले तर ५×५×५ = १२५ ओळखी. धातूचं कडं चारांपैकी कुठल्याही जागी चालतं, म्हणजे ५००! वर लाल खाली निळं हा एक, वर निळं खाली लाल हा दुसरा. पाय बदलला की तिसरा. दुर्बीण लावली की पक्षी न पकडता ओळख पटते.

मग काय काय उलगडलं! एकाच नदीकाठच्या पक्ष्यांपैकी काही हिवाळाभर तिथेच राहतात, काही दक्षिणेला जातात. कडी नसती तर हे कळलंच नसतं. नर वसंतात आपल्या जुन्या हद्दीत परततो. मादी मात्र जुन्या जोडीदाराकडेच येईल असं नाही. ‘४एम’ नावाच्या नरानं एका दिवसात २,३०५ वेळा गाणं म्हटलं. बाईंनी ते दिवसभर मोजलं.

हे सगळं १९३७ आणि १९४३ साली दोन खंडांत छापून आलं. मधल्या काळात, १९४२ साली, अमेरिकेतल्या पक्षीतज्ज्ञांच्या संघटनेचं ब्रूस्टर पदक मिळालं. तरी लोक त्यांना हौशी गृहिणी म्हणत, आणि त्याचा त्यांना राग येई. साहजिकच आहे.

उजनीच्या पाणथळीत कधी कडी घातलेला पक्षी दिसला, तर डावा-उजवा पाय, वरचा-खालचा रंग, तारीख आणि जागा लिहून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. नुसतं ‘लाल कडं होतं’ एवढ्यावर भागत नाही.