कंपाउंड की पॉलिश? गाडीला रबिंग करून घेण्याआधी वाचा

“चमक गेलीय, रबिंग मारून द्या,” असं बरेच ग्राहक सांगतात. मारून देता येतं, पण चमक कशाने गेली ते आधी पाहिलेलं बरं.

रंगाच्या वर क्लिअरकोटचा पारदर्शक थर असतो. कंपनीच्या रंगात तो साधारण 35 ते 50 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) भरतो आणि उन्हापासून रंग वाचवणारी रसायनं त्यातच असतात. कटिंग कंपाउंडचा (रबिंगला वापरतात ती थर घासून काढणारी जाडसर पेस्ट; पॉलिश त्याहून बारीक) एक जोरदार हात त्यातले दोन-चार मायक्रॉन घेऊन जातो. हा थर परत भरून येत नाही. म्हणून दर दिवाळीला रबिंग करायला आम्ही नको म्हणतो.

गाडी धुऊन सावलीत लावा आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे दिसले, तर ते बहुधा रोज सकाळी धुळीवरच फडका फिरवल्याचे. ते पॉलिशने जातात. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग असतील तर व्हाइट व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं लावून मिनिटभराने भरपूर पाण्याने धुवा. डाग तेवढ्याने गेले तर कंपाउंडचा खर्च वाचला. हात फिरवल्यावर खरखरीत लागलं तर आधी क्ले बार (रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी) फिरवा. ओरखड्यात नख अडकत असेल तर तो घासून काढायच्या फंदात पडू नका, तिथे टचअपच करावा लागतो.

निवड कशी करायची

दीड-दोन फुटांचा एक तुकडा घ्या. आधी फाइन पॉलिश आणि मऊ फोम पॅड लावून पाहा. भागलं नाही तर मीडियम, आणि त्यानेही नाही झालं तरच कटिंग कंपाउंड. पॅड बदलला की त्याच बाटलीचा परिणाम बदलतो. लोकरी पॅडवर मीडियमसुद्धा बरंच कापतं. कटिंगनंतर फाइन पॉलिश करावंच लागतं, नाहीतर काळ्या गाडीवर उन्हात धुरकट झाक दिसते.

घरी करणार असाल तर ड्युअल अ‍ॅक्शन मशीन घ्या, त्यात पॅड गोल फिरता फिरता हलतोही. रोटरी मशीन (पॅड एकाच जागी गोल फिरवणारं) एका जागी क्षणभर जास्त थांबली की रंग तापतो, आणि बॉनेटच्या कडांवर तर थर आधीच पातळ असतो. त्या कडांना आणि काळ्या प्लास्टिकला मास्किंग टेप लावा. प्लास्टिकवर वाळलेलं कंपाउंड निघता निघत नाही.

पाच इंची पॅडला वाटाण्याएवढे चार-पाच थेंब पुरतात. कमी वेगात पसरवा, मग मशीनचा वेग 4-5 नंबरवर ठेवून हळूहळू, प्रत्येक पट्टा आधीच्यावर निम्मा चढवत चार ते सहा फेऱ्या घ्या. माल जास्त घेतला की पॅड चिकट होतो, कापत नाही आणि नुसता घसरतो. एक पॅनल झाला की पॅड ब्रशने झाडा. पत्रा हाताला गरम लागत असेल तर थांबा, कारण कंपाउंड लगेच सुकून पांढरी पूड होते.

फसवी चमक

काही पॉलिशमध्ये ओरखडे बुजवणारा भराव असतो. गाडी लखलखीत दिसते आणि दोन-तीन धुण्यांत ओरखडे परत डोकं वर काढतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग, पाणी चार-पाच भाग असं मिसळून एक तुकडा पुसा. खरं काय ते तिथेच कळतं. आमच्याकडे काम केलं तरी ही तपासणी समोर करून मागा.

पॉलिशने संरक्षण मिळत नाही. वरून वॅक्स (आपल्या उन्हात दीड-दोन महिने) किंवा सीलंट (वॅक्ससारखाच, पण कृत्रिम संरक्षक लेप; चार-सहा महिने) लावा.

मॅट रंगावर आणि सोलवटलेल्या क्लिअरकोटवर यातलं काहीच लावू नका. जुन्या, क्लिअरकोट नसलेल्या गाडीत फडक्यावर गाडीचाच रंग उतरतो. घाबरू नका, पण तिथे कंपाउंडपर्यंत जायचं नाही.

कुठला पॅनल बाहेर रंगवून घेतला असेल तर गाडी देतानाच सांगा. तिथे गेजवर (रंगाची जाडी मोजायचं यंत्र) 200 मायक्रॉनच्या वर आकडा येऊ शकतो, पण त्यात खालचा जुना रंग आणि पुट्टीही मोजली जाते. वरचा क्लिअरकोट किती उरलाय, ते साध्या गेजला कळत नाही.