लिंबानं न बसलेलं नखुर्डं

बोटाचं टोक ठणकायला लागलं, नखाभोवती लाल सूज आली की आपल्याकडे निदान आणि उपचार दोन्ही घरातच उरकतात. नखुर्डं झालंय, लिंबात बोट खुपसून बस! बहुतेक वेळा ते नखुर्डंच असतं. पू निघतो, चार दिवसांत विषय संपतो.

पण फारच क्वचित असं होतं, की लिंबू झालं, अँटिबायोटिक झालं, चीर देऊनही पू आला नाही, तरी ठणका हटत नाही. एक्स-रेमध्ये बोटाच्या टोकाचं हाड वाळवी लागल्यासारखं दिसतं, शेजारचा सांधा मात्र बहुधा शाबूत. तुकडा तपासायला गेला, की उत्तर येतं कर्करोग. तोही बोटाचा नव्हे, फुफ्फुसाचा. हाडांत पसरलेल्या कर्करोगांपैकी हातापायाच्या पंजांत उतरणारे हजारात एखादे. हाताच्या बोटांत उतरणाऱ्यांत फुफ्फुसाचा सगळ्यांत पुढे. काही रुग्णांना तर छातीतल्या गाठीचा पत्ता बोटावरूनच लागतो.

इतक्या लांब तो पोचतो कसा? आतड्यातल्या गाठीतून सुटलेली पेशी रक्ताबरोबर आधी यकृतात जाते आणि तिथे अडकते. स्तनातून सुटलेली हृदयाच्या उजव्या बाजूनं फुफ्फुसांत येते आणि तिथल्या बारीक केशवाहिन्यांत अडकते. फुफ्फुस म्हणजे एक गाळणीच. पण गाळणीतच जन्मलेल्या पेशीला कोण गाळणार? ती फुफ्फुसशिरेतून थेट हृदयाच्या डाव्या कप्प्यात, तिथून महाधमनीत. पुढे मेंदूपासून करंगळीपर्यंत सगळे रस्ते मोकळे.

मग ती सगळीकडे का रुजत नाही? १८८९ मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगानं दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी चाळल्या आणि बी-मातीची उपमा दिली: बी वाऱ्यावर कुठंही जाईल, उगवेल मानवणाऱ्या मातीतच. शेतकऱ्याला हे सांगायला पॅजेट लागत नाही म्हणा! फुफ्फुसाच्या कर्करोगाला मानवणारी माती म्हणजे मेंदू, यकृत, मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी, मणके, बरगड्या. स्नायूंना रक्त भरपूर मिळतं, तरी तिथे गाठ विरळाच. सततची हालचाल आणि लॅक्टिक आम्ल तिला रुजू देत नसावं. डोळ्याच्या पडद्यामागचा रक्तानं गच्च भरलेला थर मात्र तिला चालतो. हाडांत तिला मानवते ती रक्त तयार करणारी लाल मज्जा. बोटाच्या हाडात ती जवळपास नसतेच, म्हणून तिथली गाठ डॉक्टरांनाही चकवते.

ती फुफ्फुसाची हे ओळखायचं कसं? पेशी परगावी गेली तरी माहेरची खूण बरेचदा जपते. टीटीएफ-१ हे प्रथिन मुख्यतः फुफ्फुस आणि थायरॉइडच्या पेशींत असतं. बोटातल्या तुकड्यावर हे प्रथिन दाखवणारं रंजक टाकलं आणि पेशींची केंद्रकं तपकिरी झाली, की पुढचा सीटी स्कॅन छातीचा. त्याच तुकड्यावर जनुकांच्या चाचण्याही होतात, कोणती गोळी लागू पडेल हे ठरवायला. फक्त हाड मऊ करायला ते आम्लात बुडवलं तर डीएनए खराब होतो, म्हणून जाणता पॅथॉलॉजिस्ट त्यातला मऊ भाग आधीच बाजूला काढून ठेवतो.