केमोची मंजुरी आणि उलटीच्या गोळ्या

उलटीच्या गोळ्यांसाठी वेगळा अर्ज नसतो. लिंफोमाच्या (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरच्या) केमोला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून मंजुरी मिळाली, की त्याच पॅकेजमध्ये ही औषधंही येतात. हे ठाऊक नसल्यामुळे नातेवाईक बाहेरच्या मेडिकलमधून स्ट्रिप आणतात आणि बिल खिशात घालून गप्प बसतात.

पात्रता आता बरीच सोपी झाली आहे. पिवळं, केशरीच नव्हे, तर पांढरं रेशनकार्ड असलेलं महाराष्ट्रातलं कुटुंबही योजनेत बसतं. कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. रुग्णालय मात्र योजनेतलं हवं, तेही कॅन्सरच्या उपचारांसाठी नोंदलेलं. योजनेच्या 155388 या हेल्पलाइनवर विचारून मगच गाडी पकडा.

तिथे पोचल्यावर आधी आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या तिथल्या मदतनिसाचं, टेबल गाठायचं. सोबत रेशनकार्ड, रुग्णाचं आधार, बायोप्सीचा रिपोर्ट (आयएचसीसह, म्हणजे कॅन्सरचा नेमका प्रकार सांगणाऱ्या तपासणीसह), पेट-सीटी किंवा सीटी, रक्ताचे रिपोर्ट आणि डॉक्टरांनी लिहून दिलेला केमोचा आराखडा. अर्ज रुग्णालयच ऑनलाइन पाठवतं. घोडं अडतं ते बहुतेक नावावर: रेशनकार्डावर ‘सुमन’, आधारवर ‘सुमनबाई’. नाहीतर सुनेचं नाव कार्डावर चढवलेलंच नसतं. हे केमोची तारीख मिळायच्या आधीच निस्तरा.

आता गोळ्यांचं. आर-चॉप (लिंफोमात बरेचदा देतात ती केमो) घेणाऱ्याला सलाइन चालू असताना बरेचदा ठीक वाटतं. त्यातली सायक्लोफॉस्फामाइड आणि डॉक्सोरुबिसिनची जोडी खरी पिडते ती घरी गेल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. म्हणून डिस्चार्जच्या कागदावर गोळ्या नावानिशी लिहिल्यात का, ते तिथेच उभं राहून बघा. ऑन्डान्सेट्रॉन, ओलान्झापिन, किंवा ॲप्रेपिटंटच्या तीन कॅप्सूल: पहिली 125 मिलिग्रॅमची केमोच्या तासभर आधी, मग 80 ची रोज एक, दोन दिवस. कोणाला काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. डिस्चार्जनंतर 10 दिवसांपर्यंतची औषधं पॅकेजमध्ये धरलेली असतात. ‘स्टॉक नाही’ म्हणाले, तर आरोग्यमित्राकडे लेखी तक्रार द्या, नाहीतर पुन्हा 155388.

ऑन्डान्सेट्रॉनने शौचाला कडक होतं, आर-चॉपमधल्या व्हिन्क्रिस्टिननेही तेच. पोट साफ होण्याचं औषध त्याच चिठ्ठीत मागून घ्या.

केमोची पुढची फेरी (सायकल) बहुधा 21 दिवसांनी. तेव्हा फाइल, ताजा सीबीसी (रक्तपेशींच्या तपासणीचा रिपोर्ट) आणि कुठल्या दिवशी किती उलट्या झाल्या त्याचा कागद घेऊन जा. गोळी बदलायची की नाही, ते डॉक्टर त्या कागदावरूनच बघतात.